नाव पुसलेली प्रतिमा

(धरणगाव येथील व्याख्यानमालेत एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



धरणगाव ही बालकवींची जन्मभूमी. १८९० साली या गावात जन्मलेल्या त्या माणसाला उणेपुरे अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य लाभले. पण तेवढ्या काळात त्यांनी मराठी माणसाला सृष्टीकडे पाहण्याची एक नवी दृष्टी दिली. अशा गावात मी आज डोळ्यांविषयी बोलणार आहे. मात्र कवीच्या डोळ्यांविषयी नव्हे, तर रुग्णालयात यंत्रासमोर बसवलेल्या, औषध घालून बाहुली मोठी केलेल्या, तुमच्या-माझ्या घरातील माणसांच्या डोळ्यांविषयी. त्या डोळ्यांच्या ज्या प्रतिमा काढल्या जातात त्यांचे पुढे काय होते, त्यांवरचे नाव कोण पुसतो, त्यांवर खुणा कोण करतो आणि त्या संशोधनासाठी द्याव्यात की नाहीत, हा आजचा विषय आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि पत्रकारितेत माझे आयुष्य गेले आहे. मी वैद्य नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. हा विषय मी अभ्यासला तो हौस म्हणून नव्हे. माझ्या थोरल्या बहिणीने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून.

आमच्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. जमाखर्चाच्या वहीत ज्यांची एक रेघ कधी वाकडी गेली नाही, असा माणूस. वीस वर्षांचा मधुमेह. "साखर थोडी वाढली आहे," असे म्हणत त्यांनी ती वीस वर्षे काढली. डाव्या डोळ्यासमोर जाळे येऊ लागले तेव्हा वय झाले असे सर्वांनी मानले. आम्ही त्यांना एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले तेव्हा डाव्या डोळ्याचे बरेचसे नुकसान होऊन गेले होते. उजवा डोळा वाचवता येण्यासारखा होता.

तपासणीआधी दाजींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांना ठाऊक असेल की, त्या थेंबांनंतर काही तास जवळचे अक्षर वाचता येत नाही. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या हातात एक कागद देण्यात आला. कागद इंग्रजीत होता, तीन पानी होता. "इथे सही करा, नेहमीचेच आहे," असे सांगण्यात आले. अक्काने माझ्याकडे पाहिले. "भाऊ, करायची का सही?" मी म्हणालो, "करू द्या." दाजींनी अंदाजाने सही केली.

रात्री अक्काने विचारले, "भाऊ, त्या कागदात काय होतं?" मी खिशातून प्रत काढून वाचली. दाजींच्या डोळ्यांच्या प्रतिमा ओळख काढून टाकून संशोधनासाठी वापरण्यास त्यांची संमती असल्याचे त्यात लिहिले होते. अक्का म्हणाली, "म्हणजे यांचं नाव कुठं कुठं जाईल?" जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरलेला मी पत्रकार, आणि या साध्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजचे भाषण हे अक्काला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजा.

प्रतिमा हव्यात कशासाठी?

मधुमेहामुळे डोळ्याच्या मागील पडद्यावरील, म्हणजे नेत्रपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू खराब होतात. आधी त्यांच्या भिंतींना बारीक फुगवटे येतात, मग रक्ताचे ठिपके दिसतात, पाझरलेल्या स्निग्ध पदार्थांचे पिवळसर कण साचतात आणि रोग पुढे गेला की नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की दृष्टी जाते. या रोगाचा कपटीपणा असा की, प्रारंभी तो दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडत नाही. रुग्णाला कळते तोवर उशीर झालेला असतो. वेळीच तपासणी झाली तर मात्र लेसर आणि इंजेक्शने यांच्या साहाय्याने दृष्टी टिकवता येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या प्रत्येकाने वर्षातून एकदा नेत्रपटलाची तपासणी करून घेणे अपेक्षित आहे. नेत्रपटलाचे तज्ज्ञ मात्र बहुतांशी मोठ्या शहरांत. मग तालुक्याच्या गावी एखाद्या प्रशिक्षित तरुणाने छायाचित्र काढावे, संगणकाने ते प्राथमिक चाळावे आणि ज्याच्या डोळ्यात काही संशयास्पद दिसेल त्यालाच तज्ज्ञाकडे धाडावे, ही कल्पना साहजिकच पुढे आली.

पण संगणकाला हे शिकवायचे कसे? संगणक पुस्तक वाचून वैद्य होत नाही. त्याला हजारो प्रतिमा दाखवाव्या लागतात आणि प्रत्येक प्रतिमेबरोबर सांगावे लागते, "हा रोग आहे, हा नाही, हा ठिपका रक्ताचा, हा कण चरबीचा." हे जे प्रतिमेबरोबर सांगणे आहे, त्यालाच लेबल लावणे म्हणतात. आपल्याकडे कापसाच्या ढिगासमोर उभा राहून अनुभवी ग्रेडर बोटांत धागा ओढून लांबी पाहतो आणि प्रत ठरवतो. त्याच्या शेजारी उभा राहून नवशिका पोरगा पाहत असतो. चारशे ढीग पाहिले की पोराच्या नजरेत प्रत बसते. संगणकाचे शिक्षण याच जातीचे आहे. आणि ग्रेडरनेच कवडीला एक नंबर म्हटले, तर पोरगाही जन्मभर कवडीलाच एक नंबर म्हणत राहील.

नांदेडचे काम

हे सारे अमेरिकेत किंवा बंगळुरूत चालत असेल, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. या विषयावर जगभरच्या संशोधकांनी वापरलेला एक प्रतिमासंग्रह आपल्या मराठवाड्यात, नांदेडमध्ये तयार झाला आहे.

नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. मनेश कोकरे, प्रसन्न पोरवाल, समीक्षा पाचडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञांच्या साहाय्याने हा संग्रह सिद्ध केला आणि २०१८ साली जगापुढे ठेवला. त्याचे नाव 'इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट'. संशोधक त्याला थोडक्यात 'इड्रिड' म्हणतात. नांदेडमधील एका नेत्रचिकित्सालयात प्रत्यक्ष रुग्णांच्या तपासणीत काढलेल्या प्रतिमांमधून निवडलेल्या ५१६ प्रतिमा त्यात आहेत.

संख्या लहान वाटेल. पण प्रत्येक प्रतिमेवर काय काम झाले ते पाहा. प्रत्येक प्रतिमेला आंतरराष्ट्रीय मोजपट्टीप्रमाणे शून्य ते चार अशी श्रेणी दिली आहे. शून्य म्हणजे रोग नाही, चार म्हणजे नव्या ठिसूळ वाहिन्यांची अवस्था. दृष्टीच्या केंद्राजवळ सूज येण्याचा धोका किती, याची शून्य ते दोन अशी वेगळी श्रेणी. दृक्-चेता जेथून बाहेर पडते त्या चकतीचा मध्य कोठे आणि तीक्ष्ण दृष्टीचा बिंदू कोठे, याची खूण प्रत्येक प्रतिमेवर. आणि यांतील ८१ प्रतिमांवर तर रोगाचा एकेक डाग त्याच्या कडेने रेखून घेतला आहे. एक प्रतिमा ४२८८ बिंदू रुंद आणि २८४८ बिंदू उंच. म्हणजे एका डोळ्याच्या चित्रात १ कोटी २२ लाखांहून अधिक बिंदू. त्यांतील कोणता बिंदू रक्ताचा, कोणता चरबीचा, कोणता फुगवट्याचा, हे वेगवेगळे दाखवले आहे. पडद्यावर चित्र मोठे करून, सुईच्या टोकाएवढ्या डागाभोवती रेघ ओढत बसणारी माणसे डोळ्यांसमोर आणा. यंत्राची म्हणून जी बुद्धी आपण वाखाणतो, तिच्या मुळाशी माणसांचा असा चिवट हस्तोद्योग असतो.

या ५१६ प्रतिमांची वाटणीही विचारपूर्वक केली आहे. ४१३ प्रतिमा संगणकाला शिकवण्यासाठी आणि १०३ प्रतिमा त्याची परीक्षा घेण्यासाठी. शिकवताना जी उदाहरणे दिली तीच परीक्षेत विचारली तर कोणीही पहिला येईल. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे वैद्यकीय प्रतिमांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत याच संग्रहावर जगभरच्या संशोधकांची स्पर्धा झाली. नांदेडच्या रुग्णांच्या डोळ्यांवर जगातील संगणकांनी परीक्षा दिली, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

पुढे २०२१ साली याच संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने दुसरा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ३२०० प्रतिमा आणि मधुमेहापुरत्या मर्यादित न राहता नेत्रपटलाच्या ४६ निरनिराळ्या स्थितींची लेबले आहेत. त्यांतील लेबले दोन ज्येष्ठ नेत्रपटलतज्ज्ञांनी विचारविनिमयाने एकमत करून ठरवली. येथे आपण एका महत्त्वाच्या मुद्द्यापाशी येतो.

दोन तज्ज्ञ, दोन मते

लेबल म्हणजे सत्य नव्हे. लेबल म्हणजे जाणत्या माणसाचे मत. एकाच प्रतिमेकडे पाहून एक डॉक्टर रोग सौम्य म्हणतो, दुसरा मध्यम. दोघेही प्रामाणिक, दोघेही अनुभवी. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी मधुमेही नेत्रविकारासंबंधी जो गाजलेला प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात सुमारे १ लाख २८ हजार प्रतिमा वापरल्या होत्या. त्यांत अमेरिकेतील प्रतिमांबरोबर अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या भारतीय रुग्णालयांतील प्रतिमाही होत्या. प्रत्येक प्रतिमा तीन ते सात वेळा वेगवेगळ्या डॉक्टरांकडून तपासून घेतली आणि अशा डॉक्टरांची संख्या ५४ होती. इतकी द्विरुक्ती कशासाठी, असे वाटेल. एकाच्या चुकीवर यंत्राचे शिक्षण उभे राहू नये, यासाठी.

मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने २०१८ साली डोक्याच्या सीटी स्कॅनचा असाच एक संग्रह संशोधकांसाठी खुला केला. त्यात दिल्लीतील ४९१ स्कॅन होते. मेंदूत रक्तस्राव आहे का, कवटीला भेग आहे का, हे तीन क्ष-किरणतज्ज्ञांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे नोंदवले. मतभेद झाला तेथे दोघांचे जे मत तेच लेबल. पंचांनी निवाडा करण्याचीच ही रीत आहे.

जेथे असा कटाक्ष राखला जात नाही तेथे काय होते, त्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ साली छातीच्या १ लाख १२ हजारांहून अधिक क्ष-किरण प्रतिमा जगाला उपलब्ध करून दिल्या. उपक्रम मोठा आणि उदार. पण एवढ्या प्रतिमा पाहणार कोण? म्हणून जुन्या अहवालांतील शब्द संगणकानेच शोधले आणि त्यांवरून लेबले लावली. ऑस्ट्रेलियातील क्ष-किरणतज्ज्ञ ल्यूक ओकडेन-रेनर यांनी प्रतिमा स्वतः उघडून पाहिल्या, तेव्हा कितीतरी ठिकाणी लेबल आणि प्रतिमा यांचा मेळ बसत नसल्याचे त्यांना आढळले. त्याहून गंभीर बाब अशी की, फुप्फुसाभोवती हवा भरल्याचे लेबल असलेल्या बहुसंख्य प्रतिमांत रुग्णाच्या छातीत उपचाराची नळी आधीच बसवलेली होती. म्हणजे यंत्र रोग ओळखायला शिकण्याऐवजी नळी ओळखायला शिकणार! आणि ज्या रुग्णाला यंत्राची खरी गरज, त्याच्या छातीत तर अजून नळी बसलेलीच नसते.

करोनाच्या काळात हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. छातीच्या प्रतिमेवरून करोना ओळखणारी यंत्रे बनवल्याचे दावे शेकड्यांनी झाले. केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०२१ साली झालेल्या परीक्षणात ६२ प्रबंध बारकाईने तपासले गेले. त्यांतील एकही रुग्णसेवेत वापरण्यायोग्य ठरला नाही. काहींनी करोनाच्या रुग्णांच्या प्रतिमा प्रौढांच्या घेतल्या होत्या आणि तुलनेसाठीच्या प्रतिमा लहान मुलांच्या! यंत्र करोना ओळखत नव्हते, ते वय ओळखत होते. लेबल लावणे हे कारकुनी काम नाही, ते रुग्णसेवेचेच अंग आहे, हे यावरून आपल्या ध्यानात यावे.

नाव पुसणे म्हणजे काय?

आता अक्काच्या मूळ प्रश्नाकडे वळू. दाजींचे नाव कुठे कुठे जाईल?

पूर्वी क्ष-किरणाची फिल्म असे आणि तिच्या कोपऱ्यात नाव लिहिलेले असे. आता स्कॅनची फाईल असते. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी या यंत्रांसाठी 'डायकॉम' नावाचा एक जागतिक प्रघात १९९३ पासून रूढ आहे. अशा फाईलचे दोन भाग असतात. एक, प्रत्यक्ष चित्र. दुसरा, चित्राच्या आधी येणारे जणू एक अदृश्य पान. त्या पानावर रुग्णाचे नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक, तपासणीची तारीख व वेळ, डॉक्टरचे नाव, यंत्राचा क्रमांक अशा शेकडो नोंदी असू शकतात. संगणकाच्या पडद्यावर आपण फक्त चित्र पाहतो. पान मात्र त्याच्याबरोबर प्रवास करत असते.

संशोधनासाठी प्रतिमा देताना पहिले काम या पानावरच्या ओळखीच्या नोंदी काढून टाकण्याचे. नावाच्या जागी एक संकेतांक येतो. आपल्या जिनिंगमध्ये कापसाची गाठ बांधली की तिच्यावर शेतकऱ्याचे नाव राहत नाही. क्रमांक राहतो, वजन राहते, प्रत राहते. तसेच हे.

पण मग संकेतांक तरी का ठेवायचा? त्यामागे कारण आहे. समजा, एकाच माणसाचा डावा डोळा शिकवण्याच्या गठ्ठ्यात गेला आणि उजवा परीक्षेच्या गठ्ठ्यात. तर पेपर फुटल्यासारखेच झाले. कोणत्या प्रतिमा एकाच व्यक्तीच्या आहेत हे ठाऊक असावे लागते, ती व्यक्ती कोण हे ठाऊक असण्याची गरज नसते. तारखांचेही तसेच. तारीख पुसली तर रोग किती महिन्यांत वाढला हे कळणार नाही. म्हणून एका रुग्णाच्या सर्व तारखा सारख्याच दिवसांनी पुढे-मागे सरकवतात. खरी तारीख लपते, मधले अंतर कायम राहते. संकेतांक आणि खरे नाव यांची जोडणारी यादी ठेवलीच, तर ती रुग्णालयातच कुलूपबंद असावी लागते. अशी यादी असेल तर ओळख झाकलेली आहे. यादी कायमची नष्ट केली असेल तर, आणि तरच, ओळख पुसण्याच्या जवळपास आपण गेलो. कागदावर हे दोन शब्द सारखे भासतात, पण त्यांत मोठे अंतर आहे.

एवढ्याने काम संपत नाही. सोनोग्राफीच्या चित्रात नाव चित्रावरच छापलेले असते. अदृश्य पान स्वच्छ केले तरी ते तसेच राहते आणि ते वेगळे झाकावे लागते. डोक्याच्या एमआरआयची गोष्ट तर आणखी विलक्षण. त्या प्रतिमांचे थर एकावर एक रचले की संगणक त्या माणसाचा चेहरा उभा करू शकतो. २०१९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांवर हा प्रयोग केला. नाव नसलेल्या एमआरआयवरून चेहरा घडवून तो छायाचित्रांशी ताडून पाहिला, तेव्हा ८४ पैकी ७० जण बिनचूक ओळखले गेले. म्हणून डोक्याच्या प्रतिमा खुल्या करताना चेहऱ्याचा भागच काढून टाकण्याची पद्धत रूढ होत आहे.

आणि शेवटचा धोका आपल्यासारख्या लहान गावांचा. नाव नाही, पत्ता नाही. पण 'वय ९३, स्त्री, तालुका धरणगाव, अमुक दुर्मीळ आजार' एवढे लिहिले, तर मुंबईत कोणालाही काही कळणार नाही. येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना मात्र ती कोणाची आजी हे तत्काळ कळेल. अमेरिकेच्या नियमांत याचा विचार केलेला आहे. तेथे ८९ च्या पुढील सर्व वये '९० आणि अधिक' अशा एकाच गटात टाकावी लागतात आणि लहान लोकवस्तीच्या भागाचा टपाल संकेतांकही काढून टाकावा लागतो. थोडक्यात, नाव पुसले म्हणजे ओळख पुसली असे नव्हे. जेथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे ही जबाबदारी दुप्पट होते.

मुंबईची पेढी आणि आपला संबंध

नेत्रपटलाचे उदाहरण मी घरचे म्हणून घेतले. पण हेच काम कर्करोगासाठीही चालू आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कर्करोगाच्या प्रतिमांची एक पेढी उभारत आहे. मुंबईची आयआयटी, दिल्लीचे एम्स व राजीव गांधी कर्करोग संस्था आणि चंडीगढची पदव्युत्तर संस्था तिचे भागीदार आहेत. आरंभी डोके-मान आणि फुप्फुस यांचे कर्करोग घेतले असून, प्रत्येकी किमान एक हजार रुग्णांच्या प्रतिमा जमवण्याचे उद्दिष्ट होते. गाठीची कड रेखणे, तो भाग कर्करोगाचा, दाहाचा की केवळ सुजेचा हे लिहिणे आणि ते मत तुकड्याच्या तपासणीच्या निकालाशी ताडून पाहणे, अशी तेथील लेबलांची पद्धत आहे. म्हणजे डोळ्यांनी दिलेले मत सूक्ष्मदर्शकाखालच्या पुराव्याशी जोडले जाते. तंबाखूने आपल्या भागात किती घरे उजाड केली, हे मी तुम्हांला सांगण्याची आवश्यकता नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांच्या प्रतिमा भारतीय डॉक्टरांनी जाणत्या नजरेने रेखल्या, तर त्याचा लाभ प्रथम आपल्याच माणसांना होईल. परदेशी रुग्णांवर शिकलेले यंत्र आपल्या माणसांच्या बाबतीत तितकेच अचूक ठरेल, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. म्हणून आपल्या लोकांच्या प्रतिमा संशोधनात असणे हे आपल्याच हिताचे आहे.

मात्र देणाऱ्याचा सन्मान राखूनच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. त्या कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती अटींसह. त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता कामा नये. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यायला हवी. ओळख पुसलेल्या जुन्या प्रतिमांसाठी नवी संमती न घेण्याची मुभा आहे, परंतु ती नैतिकता समितीने विचार करून द्यायची असते. आणि २०२३ साली परिषदेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैद्यकीय वापरासाठी वेगळी तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत.

थेंब घातलेल्या डोळ्यांपुढे इंग्रजी कागद धरणे या तत्त्वांत बसत नाही. पण दोष केवळ रुग्णालयाला देऊन मी मोकळा होणार नाही. "करू द्या" म्हणणारा मी होतो. वाचता येत असून मी वाचले नाही.

आपण काय करावे?

येथे अनेक कार्यकर्ते बसले आहेत. नेत्रतपासणीची, रक्तदानाची शिबिरे तुम्ही भरवता. घराघरांत जाता. म्हणून दोन-तीन गोष्टी आग्रहाने सांगतो.

पहिली. संशोधनासाठी प्रतिमा मागितली तर भिऊन नाही म्हणू नका आणि भिडेने हो म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. नाव आणि इतर ओळख कोण काढणार? जोडणारी यादी कोणाकडे राहणार? आणि पुढे मन बदलले तर प्रतिमा परत घेता येईल का, व कुठवर? एकदा प्रतिमा जगभर खुली झाली की ती परत येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवा. संमती नाकारली म्हणून उपचारात उणीव येता कामा नये, हाही तुमचा हक्क आहे.

दुसरी. कागद मराठीत मागा. शक्य असेल तर आदल्या दिवशी मागा. शिबिरात एखादी संस्था प्रतिमा घेणार असेल तर थेंब घालण्याआधी कार्यकर्त्याने कागद मोठ्याने वाचून दाखवावा. एवढी सेवा आपण सहज करू शकतो.

तिसरी, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संशोधक नाव पुसण्यासाठी इतका खटाटोप करतात आणि आपण काय करतो? गावातील कोणाला आर्थिक मदत हवी असली की त्याचा स्कॅन, त्याचा अहवाल, नाव, वय, आजार, सारे व्हॉट्सअॅपच्या दहा गटांत पाठवतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या घरातील मुलीचे लग्न जमायचे असते, मुलाची नोकरी लागायची असते. मदत मागताना रुग्णाला विचारा. अहवाल विश्वासू दोघा-तिघांनी पाहावा आणि गटात फक्त गरज कळवावी. परोपकारालाही मर्यादा पाळावी लागते.

शेवटी अक्का आणि दाजींविषयी. दाजींचा उजवा डोळा लेसरने वाचला. डाव्याने आता उजेड-अंधार एवढेच कळते. पुढच्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा मी आधी चौकशी केली आणि मराठी कागद मागून घेतला. अक्काने तो ओसरीवर बसून दाजींना मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये दोनदा थांबून तिने मला शब्दांचे अर्थ विचारले. एकाचा मला आला, दुसऱ्यासाठी रुग्णालयाला दूरध्वनी करावा लागला. सारे ऐकून दाजी म्हणाले, "डावा तर गेला. त्याचा फोटो पाहून कोणाचा उजवा वाचत असेल तर देऊन टाका. पण या वेळी मी बघून सही करतो." आणि उजव्या डोळ्याने पाहत, वहीतल्या त्याच सरळ रेघेत, त्यांनी सही केली.

त्यांचा डोळा आज कोठल्या संग्रहात आहे, कोण तज्ज्ञ त्यावरच्या डागांभोवती रेघ ओढतो आहे, हे मला ठाऊक नाही आणि ते कोणालाच ठाऊक नसावे, हेच उचित आहे. ते ठाऊक नसतानाही देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाते विश्वासाचे राहावे, यासाठी आपण सारे मिळून जागरूक राहू या.

 आणि हो, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी या महिन्यात डोळे तपासून घ्यावेत. माझ्या दाजींसारखी वीस वर्षे थांबू नये.